रोज प्रार्थना करूनही देवाची प्रीती जाणवत नाही? या चुका टाळा

नवीन वर्षाच्या उपासनेनंतर वर्षभरात अख्खं पवित्र शास्त्र वाचायचा तक्ता घरोघरी जातो, आणि होळी येईस्तोवर भिंतीवर नुसता लटकत राहतो. दरवर्षी हेच. मग तक्रार सुरू होते: "रोज बसतो, पण देवाची प्रीती काही जाणवत नाही."

अध्याय उरकणे

हिशेब पाहा. ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय, म्हणजे रोजचे सव्वातीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० गोष्टींच्या ओघात निघून जातात. रोज तीन वाचणारा ३१ जानेवारीला लेवीय उघडतो. होमार्पण, चरबी, चट्ट्यांची तपासणी, असे २७ अध्याय. नेमका तेव्हाच हरभरा सोंगणीला आलेला असतो.

एका कास्तकाराचं असंच अकरा दिवसांचं वाचन तुंबलं. पठ्ठ्यानं एका रविवारी दुपारी ३३ अध्याय बसून उरकले, लेवीय संपवून गणनाच्या सहाव्या अध्यायापर्यंत. काय वाचलं म्हणून विचारलं तर म्हणे, "लय बकरे कापले." आता गंमत अशी, की गणना ६ च्या शेवटी, २४ ते २६ या वचनांत, याजकानं लोकांवर उच्चारायचा आशीर्वाद आहे: परमेश्वर तुला राखो, त्याचा मुखप्रकाश तुझ्यावर पडो, तो तुला शांती देवो. उपासनेच्या शेवटी पाळकाच्या तोंडून हा माणूस लहानपणापासून तो ऐकत आला होता. त्या दुपारी तो त्याच्यावरून ट्रॅक्टरसारखा गेला.

तक्ता काढून ठेवा. लूक १५ मधली उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या, ११ ते ३२ ही वचनं, रोज तीन, म्हणजे आठवडाभर पुरतील. एकूण वेळ पंधरा मिनिटं. पहिली दोन मिनिटं गप्प बसायचं. मग तीच तीन वचनं मोठ्यानं दोनदा वाचायची आणि एकच प्रश्न विचारायचा: इथं देव काय करतोय? "मी काय करायला पाहिजे" हा प्रश्न नंतर. तो आधी आला की मनन संपतं, उपदेश सुरू होतो. विसाव्या वचनात पोरगा अजून दूर आहे आणि बाप धावत सुटतो. आपल्याकडेही चार लोकांत मान असलेला म्हातारा गावातून धावत नाही. त्या धावण्यापाशी थांबा, पुढं जाऊ नका. मग जे मनात आलं ते देवाशी बोला आणि वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा. पानभर लिहिणाऱ्याची वही आठ दिवसांत बंद पडते.

बाराव्या शतकात गीगो नावाच्या मठवाशानं याच कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी देवासमोर नुसतं थांबणं. घाईचा माणूस पहिलीवरच उड्या मारत असतो.

प्रीती पिकावर मोजणे

ही चूक जास्त जिव्हारी लागते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी पोखरली, तेव्हा बऱ्याच घरांत एकच प्रश्न होता: देवाचं काय चुकवलं? अळी बीटी कपाशीला सरावली होती. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभी पऱ्हाटी, ठेवल्यामुळं तिला हंगामानंतरही खायला मिळत होतं. यात कुणाची प्रार्थना कमी पडली नव्हती. जन्मांध माणसाकडं बोट दाखवून शिष्यांनी असंच विचारलं होतं, पाप कुणाचं? योहान ९ मध्ये येशूनं तो हिशेबच खोडून टाकला.

"यंदा भाव मिळू दे, मग मंडळीला दान देतो" हा सौदा आहे, आणि ज्याच्याशी सौदा करतो त्याची प्रीती कळत नाही. फक्त दर कळतो.

वावर गेलं असेल तर तक्रार आधी बोला. उपकारस्तुतीनंच सुरुवात करायची अशी सक्ती करून घेतली की पुढचं सगळं खोटं होतं. स्तोत्र १३ फक्त सहा वचनांचं आहे आणि पहिल्या दोनांतच "किती काळ" असा सवाल चारदा येतो. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तेही शास्त्रातच आहे. हबक्कूक ३:१७ मध्ये अंजीर फुलत नाही, शेत पिकत नाही, गोठा रिकामा आहे. ते वाचायला विदर्भात कुणाला टीप लागत नाही.

मात्र झोप उडाली, जेवण जाईना, जगणं नको वाटू लागलं, तर एकट्यानं प्रार्थना करत बसू नका. घरच्यांना सांगा, डॉक्टरला दाखवा, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ ला फोन लावा.

बाकीच्या

पहाटे पाचचा हट्ट. येशू पहाटे एकांतात गेला हे मार्क १:३५ मध्ये आहे, पण रात्रीच्या लाईनवर ओलित करून आलेल्याला तो नियम लावू नका. मोटार सुरू करून धुऱ्यावर बसा किंवा डबा उघडायच्या आधी. वेळ घड्याळाला नाही, कामाला बांधा.

मोबाईलवर वचन वाचणे: पाचव्या मिनिटाला व्हॉट्सॲप. छापील प्रत घ्या.

डोळे मिटून कुठलंही पान उघडून "आजचं वचन" काढणे. ही चिठ्ठी झाली.

चौथ्या दिवशी "काही वाटलं नाही" म्हणून सोडणे. अशांशी वाद घालू नये, महिन्यानं वही मागून वाचायला सांगावी.

आणि पुस्तकी भाषा. दिवसभर वऱ्हाडी बोलणारा माणूस डोळे मिटले की "हे परमकृपाळू स्वर्गस्थ पित्या" सुरू करतो आणि दर दोन शब्दांनी "प्रभू, प्रभू". एका घरच्या सभेत एक आजी कधीच प्रार्थना करत नसत, कारण "मले तसं बोलता येत नाई." आईशी बोलायच्या तसं बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "देवा, पोरगं पुण्याले गेलं, फोन नाई करत. तूच पायजो त्याले. आमेन." पुढच्या आठवड्यात आणखी तिघीजणी वऱ्हाडीत बोलल्या. परमकृपाळूवाले काका अजून तिथंच आहेत.