योसेमिटीत एकटे जाताय? कॅम्प फोरमध्ये उतरा

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये एकट्याने जायचं असेल, तर मी डोळे झाकून कॅम्प फोर हा तंबू ठोकायचा तळ सुचवेन. इथे एका जागेवर सहा माणसं राहतात आणि ती सगळी एकाच ग्रुपची असतीलच असं नाही. म्हणजे शेजारच्या तंबूत हमखास कुणीतरी अनोळखी, बहुतेकदा दोर-हुक घेऊन आलेला कड्यांवर चढणारा. बुकिंगचे नियम बदलतात, ते निघण्याआधी बघा.

ओळख होते ती अस्वलांपासून खाणं वाचवणाऱ्या पेटीपाशी. खाणं, टूथपेस्ट, साबण, वास येणारं सगळं त्या लोखंडी पेटीत ठेवावं लागतं आणि पेटी सामायिक असते. गेल्या गेल्या शेजाऱ्याला विचारा, "माझं सामान कुठल्या बाजूला ठेवू?" एवढं पुरतं. आपली पिशवी एका कडेला लावा, आणि प्रत्येक वेळी कडी बसली का ते हाताने ओढून बघा. तुमच्या विसरण्यामुळे दुसऱ्याचं जेवण जाऊ नये.

संध्याकाळी आलं घालून चहा कराल तेव्हा दोन कप जास्तच टाका. मग उद्याचा बेत आपोआप निघतो. अप्पर योसेमिटी फॉल या धबधब्याची वाट कॅम्पजवळूनच सुरू होते; जाऊन-येऊन साडेअकरा किलोमीटर, चढ 820 मीटरच्या आसपास. नव्या सोबत्याबरोबर आधी त्याच वाटेवरच्या कोलंबिया रॉकपर्यंतच जा, दीडेक किलोमीटरवर आहे. चालण्याचा वेग जुळतो का, पाणी पुरेसं घेतलंय का, तिथे कळतं. नाही जुळलं तर तसं मोकळेपणाने सांगून परत फिरा.

रात्री दहानंतर मात्र गप्पा बंद.