जुना मथळा आणि त्याच्या पुढची गंमत: फलकासाठी भित्तिपत्रक असं करा

गणेशोत्सवात किंवा कोजागरीला सोसायटीच्या फलकावर जुन्या मथळ्यांचं भित्तिपत्रक फार छान दिसतं. वर खरा मथळा, तारखेसकट. खाली तो मथळा शब्दशः खरा ठरला असता तर गावात काय काय झालं असतं, त्याची कल्पित हकीकत. मथळे सहाच ठेवा, त्याहून जास्त माणसं उभ्या उभ्या वाचत नाहीत. मात्र सहा चांगले मिळवायला पन्नास-साठ अंक तरी चाळावे लागतात.

रद्दीच्या दुकानात फारसं काही लागत नाही, तिथले अंक गेल्या दोन-तीन महिन्यांचे असतात. घरातच बघा. ट्रंकेच्या तळाशी अंथरलेले, फडताळात भांड्यांखाली घातलेले, तसबिरीच्या पाठीला लावलेले कागद हमखास जुने निघतात. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं आहे. तिथे जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: जुने अंक पाहायला मिळतात का, कोणत्या वर्षांचे, आणि फोटो काढू देतात का.

ट्रंकेतला कागद टोक धरून ओढला की घडीवर तुटलाच. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या स्वस्त लगद्याचा असतो. त्यातलं लिग्निन उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद पापडासारखा कडक होतो. म्हणून कागदाखाली जाड पुठ्ठा सरकवा आणि पुठ्ठ्यासकट उचला. घडी जोर लावून उघडू नका. फाटलं असेल तिथे चिकटपट्टी तर मुळीच नको, तिचा गोंद काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांत उतरतो. मूळ अंक कापायचाच नाही. खिडकीशी ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाईल कागदाला समांतर धरून फोटो काढा. आधी पूर्ण पान, मग मथळा. इथे बहुतेक जण चुकतात: नुसत्या मथळ्याचा फोटो घेतात आणि तारीख पानाच्या वरच्या पट्टीवरच राहून जाते. तारीख नसलेला मथळा भित्तिपत्रकात घेऊ नका, कारण वाचणाऱ्याने तो खरा मानावा असं त्यात काहीच उरत नाही.

आता निवड. ‘पाणी पेटले’, ‘कांद्याने केला वांदा’, ‘टोमॅटोचा लाल चिखल’, ‘पारा घसरला’ अशा वळणाचे मथळे शोधा. शिशाचे खिळे, म्हणजे सुटी अक्षरं जुळवून छपाई व्हायची तेव्हा स्तंभाची रुंदी ठरलेली आणि मथळ्याचा टाइप मोठा, त्यामुळे शब्द गाळावेच लागत. कधी कर्ता जाई, कधी क्रियापद. त्या गाळलेल्या जागेत आपली हकीकत बसते. अपघात, दंगल, मृत्यू आणि खासगी माणसांची नावं असलेल्या बातम्या बाजूला ठेवा. १९६९ आणि २००८ च्या गोदावरीच्या महापुरांत लोकांचे संसार वाहून गेले, ते मथळेही नकोत.

पाण्यावरचं काही हवंच असेल तर दुतोंड्या मारुती आहे, नाशिकला गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दोन तोंडांची मूर्ती. गोदावरीला किती पाणी आलं ते क्युसेकमध्ये सांगून नाशिककराचं समाधान होत नाही, मारुतीच्या गुडघ्यापर्यंत की कमरेपर्यंत ते सांगावं लागतं. मग हे अधिकृत माप ठरलं असं धरा. वजनमापं तपासणारा निरीक्षक दरवर्षी शिक्का मारायला नदीत उतरतो. मारुतीला तोंडं दोन, तेव्हा मोजायचं कुठल्या बाजूने यावर फाइल अडते. तोवर दूधवाला ‘गुडघाभर’ दूध घालून जातो.

लिहिताना नियम एकच: खोटी गोष्ट एक धरायची, बाकी सगळा हिशेब खरा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तो मथळा घ्या. रुपयाचे आणे सोळा आणि नवे पैसे शंभर, म्हणजे एक आणा सव्वासहा नव्या पैशांचा. पाव पैसा देता येत नाही, म्हणून सहा. खोटी गोष्ट एवढीच की नाशिकच्या रविवार कारंजा चौकातल्या एका हॉटेलात चहा एक आण्याला आहे. सोळा मित्र एकत्र प्यायले तर शंभर पैसे, वेगवेगळे प्यायले तर सोळा सक शहाण्णव. चार पैसे वाचतात! तेव्हा सोळाही जण एकमेकांना ओळखत नसल्यासारखे सोळा टेबलांवर बसतात, आणि मालक ‘ओळख असल्यास दाखवावी’ अशी पाटी लावतो. इथे थांबा. पुढे म्हणींकडे वळायचं तर ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ पंचवीस आणि पंचाहत्तर पैशांत बिनचूक बसते. ‘सोळा आणे खरं’चं मात्र ‘शंभर नवे पैसे खरं’ केलं की बोलणाऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

काळाची चूक झाली की जाणकार वाचक तिथेच थांबतो. १९५७ च्या हकिकतीत ‘महाराष्ट्र सरकार’ चालणार नाही, तेव्हा नाशिक द्वैभाषिक मुंबई राज्यात होतं. ‘महापालिका’ १९८२ नंतरच्याच मथळ्याखाली, त्याआधी नगरपालिका. टीव्हीही नको, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं.

लिहिण्याआधी खरं काय झालं तेही पाहून घ्या. जुलै १९७९ मध्ये ‘स्कायलॅब’ हे अमेरिकेचं अंतराळस्थानक कोसळणार म्हणून सगळीकडे घबराट होती. तुकडे पडले हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, आणि तिथल्या एस्परन्स गावच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल ‘नासा’ला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. याच्यापुढे आपण काही रचायला जाऊ नये. खरी हकीकत तशीच लावा आणि ‘हे खरंच घडलं’ असं ठळक लिहा. उरलेल्या पाचांवर ‘कल्पित’ असा शब्द मथळ्याखालीच हवा, तळाशी बारीक अक्षरांत नको. फलकाचा फोटो कुणीतरी काढतो, तो कुटुंबाच्या ग्रुपवर जातो आणि कापलेल्या फोटोत तळ राहत नाही.

हकीकत ऐंशी ते शंभर शब्दांची, अक्षर चोवीस पॉइंटचं, एका ए-थ्री कागदावर एकच मथळा. भाद्रपदात हवा दमट असते, इंकजेटची शाई पसरते, म्हणून लेझर छपाई किंवा झेरॉक्सच घ्या. वर पारदर्शक प्लास्टिक लावाल तर खालची कड मोकळी सोडा, नाहीतर आत पाणी सुटतं. मूळ अंक मात्र फलकावर लावू नका. ते घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये आडवे, कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा आणि कसर लागली का ते पावसाळ्यानंतर एकदा उघडून बघा.