नवी वेपन सिस्टम आली: जुनं हत्यार मोडण्याआधी काय काय तपासावं

ऑनलाइन खेळाच्या पॅच नोट्समध्ये, म्हणजे अपडेटमधल्या बदलांच्या यादीत, एक ओळ येते: पुढच्या अपडेटपासून नव्या प्रकारची हत्यारं मिळतील, त्यांचं अपग्रेड वेगळं, साहित्य वेगळं. तुमच्याकडे दीड वर्ष खपून घडवलेलं धनुष्य असतं. गिल्डच्या (तुमच्या खेळगटाच्या) चॅटवर निम्मे जण म्हणतात, धनुष्याचे दिवस संपले. उरलेले म्हणतात, घाई करू नका, नव्याचा नर्फ, म्हणजे ताकद कमी केली जाणं, ठरलेलाच आहे. तुम्ही मात्र इन्व्हेंटरी (खेळातली तुमची वस्तूंची पेटी) उघडून त्या धनुष्याकडे नुसते बघत बसता.

अशा वेळी शंका येणं रास्तच आहे. हत्यारात खेळाडूचे शेकडो तास साठलेले असतात. एका खेळात मी नवं हत्यार आलं त्याच रात्री जुनी तलवार मोडून तिचं साहित्य काढलं होतं. तीन आठवड्यांनी नव्या हत्याराचा मुख्य परिणाम निम्म्यावर आणला गेला, आणि तलवार परत मिळवायची काही सोय नव्हती. तेव्हापासून मी खाली दिलेल्या क्रमानं जातो. खेळ कोणताही असो, या पायऱ्या जवळजवळ तशाच लागू पडतात.

पायरी १: शंका एका वाक्यात लिहून काढा

‘मला हे काही पटत नाही’ यावर काहीच करता येत नाही. कागदावर लिहायला बसलं की त्यातून वेगवेगळ्या चार शंका निघतात. नवं हत्यार खरंच जास्त ताकदीचं आहे का? ते पूर्ण करायला किती तास लागतील? ते किती दिवस कामाचं राहील? आणि ते चालवायला मला आवडेल का? पहिलीचं उत्तर चाचणीतून मिळतं, दुसरीचं हिशेबातून, तिसरीचं त्या खेळाच्या इतिहासातून. चौथीचं उत्तर फक्त तुमच्याकडे आहे, आणि ते बाकी तिघांपेक्षा हलकं धरू नका. जे हत्यार हातात घेतल्यावर कंटाळा येतो, ते दहा टक्के जास्त मारत असलं तरी महिन्याभरात तुम्ही लॉग-इन करणंच सोडता.

पायरी २: वर्णनातला शब्द न् शब्द वाचा

आकडा मोठा दिसला की डोळे तिथेच थांबतात. खरी गोम त्याच्या शेजारच्या शब्दांत असते.

टक्केवारीत वाढ दिली असेल तर ती बेरजेत जाते की गुणाकारात, हे शोधा. समजा, तुमच्या बाकीच्या गिअरमधून (चिलखत वगैरे साधनांतून) आधीच १०० टक्के जास्त डॅमेज, म्हणजे शत्रूला होणारं नुकसान, मिळतोय, म्हणजे मूळ १०० चे २०० झालेत. नवं हत्यार आणखी २० टक्के देतं. हे २० टक्के बेरजेत गेले तर २०० चे २२० होतात, म्हणजे प्रत्यक्षात वाढ १० टक्के. गुणाकारात गेले तर २४०, म्हणजे पुरी २० टक्के. वर्णनात दोन्हीकडे ‘२० टक्के’च लिहिलेलं असतं. म्हणूनच ज्यांचा गिअर आधीच भक्कम आहे त्यांना नव्या हत्याराचा फायदा अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी जाणवतो.

प्रॉक, म्हणजे मारता मारता अधूनमधून आपोआप लागणारा परिणाम, असेल तर त्याचा अंतर्गत कूलडाउन, म्हणजे तो पुन्हा लागेपर्यंतचा किमान वेळ, बघा. ‘१० सेकंद ३० टक्के जास्त डॅमेज’ हे वाचायला छान वाटतं. तो परिणाम मिनिटातून एकदाच लागत असेल तर सरासरी वाढ ५ टक्के पडते. तो कूलडाउन वर्णनात दिलेलाच नाही असंही होतं. मग घड्याळ लावून मोजावा लागतो.

वेगाचंही तसंच. ३०० डॅमेजची तलवार दीड सेकंदाला एक घाव घालत असेल तर सेकंदाला २०० होतात. २४० डॅमेजचं हत्यार १.१ सेकंदाला एक घाव घालत असेल तर सुमारे २१८. पण काही खेळांत स्किलचा डॅमेज हत्याराच्या एका घावावरून ठरतो. तिथे जड, संथ हत्यारच पुढे जातं. तुमच्या क्लासची (निवडलेल्या पात्रप्रकाराची) मुख्य स्किल्स कशावर चालतात हे माहीत नसताना ही तुलना करू नका.

पायरी ३: डमीवर मोजा, मग बॉसवर बघा

खेळाचा टेस्ट सर्व्हर किंवा बीटा असेल तर तिथूनच सुरुवात करा. तिथे काही खर्च होत नाही. नसेल तर ट्रेनिंग डमी, म्हणजे खेळातला सरावाचा पुतळा.

जुनं हत्यार घेऊन पाच मिनिटं मारा, सरासरी लिहून ठेवा. असं पाच वेळा. मग नव्यानं पाच वेळा. गिअर, बफ (तात्पुरती ताकदवाढ), पोशन सगळं तेच ठेवा, बदल फक्त हत्याराचा. तीस सेकंदांची चाचणी करून निष्कर्ष काढणारे खूप भेटतात. तेवढ्यात दोन क्रिट (नशिबानं लागणारे जादा जोरदार घाव) जास्त बसले की चित्र उलटं दिसतं. पाच फेऱ्यांमध्ये तुमचे स्वतःचेच आकडे ४ टक्क्यांनी वरखाली होत असतील आणि दोन हत्यारांतला फरक ३ टक्के असेल, तर त्या चाचणीपुरती दोन्ही हत्यारं सारखीच धरा.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळासाठी सिम्युलेशनक्राफ्टसारखं साधन आहे. ते तुमच्या कॅरेक्टरच्या हजारो आभासी लढाया लढून सरासरी काढतं. असं साधन तुमच्या खेळाला असेल तर जरूर वापरा, पण ते एकही चूक न करणारा खेळाडू गृहीत धरतं. अवघड बटणक्रम असलेलं हत्यार तिथे पहिलं येतं आणि तुमच्या हातात चौथं.

डमी हलत नाही, आग ओकत नाही, पायाखाली विषाचं वर्तुळ टाकत नाही. अडीच सेकंद एका जागी उभं राहून ताणायचं हत्यार डमीवर राजा असतं; सतत पळवणाऱ्या बॉससमोर (मोठ्या शत्रूसमोर) त्याचे निम्मे घाव सुटतात. म्हणून रोजच्या ओळखीच्या बॉसशी दोन्ही हत्यारं घेऊन किमान तीन-तीन वेळा लढा. हत्यार अचूक वेळेवर चालणारं असेल, म्हणजे वार अडवून उलटा मारायचा किंवा चार्ज नेमक्या क्षणी सोडायचा, तर तुमचा पिंगही (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ) लक्षात घ्या. पिंग दीडशे-दोनशे मिलिसेकंदांच्या घरात असणाऱ्याला ते हत्यार व्हिडिओत दिसतं तसं कधीच लागणार नाही, आणि यात त्याच्या कौशल्याचा दोष नसतो.

टँक (मार अंगावर घेणारे) आणि हीलर (साथीदारांना बरं करणारे) असलेल्यांनी डमीचा आकडा जवळपास सोडून द्यावा. तुमच्यासाठी प्रश्न असा: सर्वात कठीण दहा सेकंदांत हे हत्यार मला काय देतं?

पायरी ४: खर्च तासांत काढा

सोनं, क्रिस्टल, टोकन या सगळ्यांचं एकच चलन करा: तास. अपग्रेड नक्की होणारं असेल तर हिशेब सरळ आहे. नशिबावर असेल तर थोडं गणित लागतं, आणि ते केल्याशिवाय पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

समजा, एका प्रयत्नात यशाची शक्यता ५ टक्के आहे. बऱ्याच जणांना वाटतं की २० प्रयत्नांत काम होईल. प्रत्यक्षात २० प्रयत्नांनंतर यश मिळालेलं असण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. शंभरातले छत्तीस जण अजून रिकामेच. निम्मी शक्यता १४ प्रयत्नांना गाठली जाते, ९० टक्के व्हायला ४५ लागतात आणि ९५ टक्के व्हायला ५९. एका प्रयत्नाचं साहित्य जमवायला ४० मिनिटं लागत असतील तर १४ प्रयत्न म्हणजे सव्वानऊ तास आणि वर थोडं, आणि ४५ म्हणजे पूर्ण ३० तास. रोज तासभर खेळणाऱ्याचा महिना. नियोजन नेहमी या ४५ च्या आकड्यावर करा. १४ वर केलं तर दर दोघांतला एक जण हिरमुसतो.

मग दोन गोष्टी तपासा. पहिली, अपयशाची भरपाई आहे का. लॉस्ट आर्क या खेळात होनिंग (तिथलं अपग्रेड) फसलं की आर्टिसन्स एनर्जी साठत जाते आणि ती १०० टक्के झाली की पुढचा प्रयत्न नक्की यशस्वी होतो. म्हणजे खर्चाला वरची मर्यादा आहे. दुसरी, अपयशानं मागे जावं लागतं का. ब्लॅक डेझर्ट या खेळात वरच्या पातळीवर प्रयत्न फसला की हत्यार एक पातळी खाली येऊ शकतं. तिथे वरचं साधं गणित पुरत नाही, खर्च कितीतरी वाढतो.

शक्यतेचे आकडे खेळात अधिकृतपणे दिलेले आहेत का, हेही बघा. हा प्रश्न किरकोळ नाही. मेपलस्टोरी या खेळातल्या क्यूब या, गिअरचे जादा गुण नव्यानं ठरवणाऱ्या वस्तूची शक्यता खेळाडूंना न सांगता बदलल्याबद्दल दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये नेक्सॉन कंपनीला सुमारे १,१६० कोटी वॉनचा दंड केला. त्याच वर्षी २२ मार्चपासून तिथे अशा शक्यता जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक झालं. जिथे आकडे दिलेले नाहीत आणि वर खरे पैसे मागितले जातात, तिथे मी एक पैसाही घालत नाही.

जाता जाता: नवी सिस्टम आली की पहिल्या आठवड्यात ऑक्शन हाउसवर (खेळाडूंच्या बाजारात) साहित्याचे भाव चढलेले असतात. थांबायचं ठरवलं असेल तर तेव्हा साहित्य विका, आणि गर्दी ओसरल्यावर घ्या.

पायरी ५: हे हत्यार किती दिवस जगेल?

शंकेचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, आणि इथे खेळाचा भूतकाळच कामी येतो.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टचा लीजन हा विस्तार (खेळाचा मोठा नवा भाग) ३० ऑगस्ट २०१६ ला आला. त्यात प्रत्येक स्पेशलायझेशनला (क्लासच्या उपप्रकाराला) स्वतःचं आर्टिफॅक्ट हत्यार मिळालं, एकूण ३६. खेळाडूंनी दोन वर्षं आर्टिफॅक्ट पॉवर गोळा करून ती वाढवली. २०१८ च्या जुलैमध्ये, पुढच्या विस्ताराच्या आधीच्या पॅचमध्ये, त्यांची वाढवलेली ताकद काढून घेतली गेली. रूप मात्र ट्रान्समॉगसाठी, म्हणजे दुसऱ्या हत्यारावर चढवायला, राहिलं. फायनल फँटसी १४ मध्ये रेलिक (टप्प्याटप्प्यानं घडवायच्या खास) हत्यारांचं असंच काहीसं होतं, पण तिथे ते आधीपासून सगळ्यांना ठाऊक असतं: विस्तारागणिक नवी मालिका येते, पुढच्या विस्तारातली हत्यारं जुन्यांना मागे टाकतात, आणि घडवलेलं रूप कायमचं तुमचं राहतं. दोन्हीकडे मेहनतीला मुदत आहे. ती मुदत आधी माहीत असली की मेहनत बोचत नाही.

गिल्ड वॉर्स २ चा रस्ता वेगळा. तिथे लेजेंडरी हत्यार एकदा घडवलं की त्याचे स्टॅट (गुणांचे आकडे) हवे तेव्हा बदलता येतात, आणि २०२१ पासून ते अकाउंटवरच्या सगळ्या कॅरेक्टरना वापरता येतं. २०१५ पासून काही हत्यारं ठरावीक एलिट स्पेशलायझेशनलाच बांधलेली होती. ऑगस्ट २०२३ च्या विस्तारानं ते बंधन सैल केलं. वर्षभरानं, २० ऑगस्ट २०२४ ला, तोवर फक्त पाण्याखाली चालणारा भाला जमिनीवर आला. तेव्हाही वर्षानुवर्षं जमवलेली जुनी हत्यारं निकामी झाली नाहीत.

तेव्हा तुमच्या खेळाच्या मागच्या दोन-तीन सिस्टम काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: आली कधी, संपली कधी, संपल्यावर खेळाडूकडे काय उरलं. ताकद गेली आणि रूप उरलं, की दोन्ही गेलं? आता चौथ्या पायरीतले तास त्याच्या शेजारी ठेवा. ३० तास घालून दोन वर्षं वापरायला मिळणार असेल तर मी खुशीनं घालतो. ३० तास घालून तीन महिन्यांचं आयुष्य, आणि शेवटी रूपही उरणार नाही, अशा हत्याराला मी हात लावत नाही, ते कितीही मारत असलं तरी.

पायरी ६: गिल्डशी बोला, मग थोडंच घाला

रेड लीडरला, म्हणजे गटाच्या मोठ्या लढाया चालवणाऱ्याला, सरळ विचारा, ‘या महिन्यात मी जुन्याच हत्यारानं आलो तर चालेल का?’ बहुतेक ठिकाणी उत्तर ‘चालेल’ असंच येतं, कारण लढाईत चुका न करणारा खेळाडू मेटा (त्या वेळी सर्वात जोरदार मानलं जाणारं) हत्यार घेऊन वारंवार मरणाऱ्यापेक्षा सगळ्यांना हवा असतो. पीव्हीपीत (खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत) मात्र इतका वेळ मिळत नाही. तिथे नव्या हत्याराशी लढायचं कसं हे शिकण्यासाठी तरी ते आठवडाभर चालवून बघा.

पहिले दोन-तीन आठवडे नव्या हत्याराच्या अपग्रेडच्या फक्त अशाच पायऱ्या चढवा ज्यांचं साहित्य परत मिळतं किंवा जे दुसरीकडेही वापरता येतं. बॅलन्सचे, म्हणजे हत्यारांची ताकद कमीजास्त करण्याचे, मोठे बदल सहसा याच काळात होतात.

आणि काही चुकतंय असं चाचणीत दिसलं तर विकासकांना कळवा. ‘नवं हत्यार भंगार आहे’ यातून त्यांना काहीच कळत नाही. असं लिहा: ‘चार्ज केलेला तिसरा घाव, बॉस हलताना, दहापैकी सहा वेळा हुकतो, पिंग ६० होता, स्थिर डमीवर एकदाही हुकला नाही.’ सोबत व्हिडिओ जोडा. असा मजकूर पुढे पाठवायला कम्युनिटी मॅनेजरला सोपा जातो.

जुन्या हत्याराचं काय करायचं

मोडू नका, विकू नका, त्यातली रत्नं काढू नका. आधी त्याच्या सगळ्या स्टॅटचा स्क्रीनशॉट घ्या, कारण पॅचनंतर आकडे बदलले तर तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं. मग आयटम-लॉकची सोय असेल तर कुलूप लावा, बिल्ड (हत्यार आणि स्किल्सची जुळणी) लोडआउटमध्ये जतन करा, आणि ते बँकेत ठेवा. जागेची अडचण असेल तर दुसरं काहीही आधी काढा. नव्या सिस्टमचा पहिला मोठा बॅलन्स पॅच येईपर्यंत, आणि तुम्ही तिसरी पायरी त्या पॅचवर पुन्हा एकदा करून बघेपर्यंत, त्याची जागा तीच.