रीफ टॅंकमधलं शेवाळ काढायला बसण्याआधी काय काय जवळ हवं

रीफ टॅंकमध्ये, म्हणजे कोरल ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टॅंकमध्ये, काही तपकिरी-हिरवं पसरलं की पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जातो, ती बाटली आत्ता राहू दे बाजूला. आधी टॉर्च आणि एक साधा मायक्रोस्कोप जवळ घ्या, ४०० पट मोठं दाखवणारा पुरतो. वरवर एकसारखंच दिसणारं तपकिरी वेगवेगळ्या जातीचं असू शकतं आणि उपाय कधीकधी चक्क उलटे असतात. टॅंक नवीन आहे, काचेवर-वाळूवर बारीक धूळ बसलीये आणि बोटाने पुसली जातेय, तर ते डायटम, म्हणजे एकपेशीय शेवाळ, पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात, सोडून द्या. लालसर बुळबुळीत थर, जो पाइपने ओढला की सलग सुटून येतो, तो सायनो (सायनोबॅक्टेरिया), तो शेवाळात मोडतच नाही, बॅक्टेरिया आहे. आणि शेंबडासारखे तपकिरी धागे, त्यात बुडबुडे, दिवसा भरपूर आणि रात्री गायब, वर स्नेल मरायला लागलेत, मग डायनोचा, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांचा, संशय घ्या. खात्रीसाठी थोडं बाटलीत घेऊन जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी लाइटखाली ठेवा, तासाभरात परत गोळा होऊन धागे बनले तर बहुतेक तेच.

टेस्ट किट दोन हवेत, नायट्रेट आणि फॉस्फेट, फॉस्फेटचं कमी रेंज नीट दाखवणारं घ्या. इथे एक गंमत आहे, हेअर अल्गी (केसांसारखं हिरवं शेवाळ) माजलेल्या टॅंकमध्ये आकडा शून्य येऊ शकतो कारण सगळं तीच खाऊन बसलेली असते, तेव्हा शून्य बघून हुरळून जाऊ नका. डायनो मात्र बऱ्याचदा खरोखरच्या शून्यावर वाढतात, तिथे जीएफओ (फॉस्फेट शोषणारे फिल्टरचे दाणे) काढायचं, पाणी बदलणं थांबवायचं आणि नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत उलट वाढवायचं. हेअर अल्गीत फॉस्फेट खाली आणायचं असतं पण हळूहळू, एकदम पाडलं की कोरल रुसतात. यूव्हीवर (पाण्यात तरंगणारे जीव मारणारा अतिनील दिवा) पैसे घालायच्या आधीही मायक्रोस्कोप बघाच, डायनोंपैकी ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगायला येतो म्हणून यूव्हीत सापडतो, अॅम्फिडिनियम वाळूतच बसून राहतो, त्याला यूव्हीचं काहीच नाही.

हातमोजे आणि गॉगल यावर वाद नको. रॉकवर झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे कोरल) असतील तर त्यांच्यात पॅलीटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं, घासताना डोळ्यात उडालं की प्रकरण गंभीर होतं, आणि असला रॉक उकळायचा तर कधीच नाही, वाफेतूनही विष लागतं.

बाकी सामान नेहमीचंच, टूथब्रश, चिमटा, सायफनचा पाइप, टोकाला फिल्टर सॉक (गाळायची पिशवी) आणि फक्त टॅंकसाठी ठेवलेली बादली. बदलायचं पाणी आदल्या दिवशीच मीठ मिसळून ठेवा, मीठ घालण्याआधी आरओडीआयच्या (फिल्टरने शुद्ध केलेल्या) पाण्याचं टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य, नंतर खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान टॅंकइतकंच. डायनो निघाले तर हे पाणी तसंच राहू दे, सॉकमधून गाळलेलं परत टॅंकमध्ये ओता.

हेअर अल्गी हाताने उपटून आखूड करा आणि मगच टर्बो स्नेल सोडा, लांब जटांना ते बिचारे तोंड लावत नाहीत. बबल अल्गीचे हिरवे गोळे न फोडता अख्खे काढा, एमराल्ड क्रॅब मदत करतो, पण सगळेच खेकडे कामसू निघत नाहीत. पिसासारख्या फांद्या दिसल्या तर ब्रायॉप्सिस, त्यावर फ्लुकोनाझोल चालतं, देताना फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा नाहीतर औषध तोच पिऊन टाकेल. सायनोवर अँटिबायोटिक देणारच असाल तर एअर पंप आधीच लावून घ्या, थर मरताना ऑक्सिजन खाली जातो आणि मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, पण त्याआधी पाणी फिरवणाऱ्या पंपाचं तोंड सायनो असलेल्या कोपऱ्याकडे वळवून बघा, पाणी खेळतं झालं की बऱ्याचदा औषधाची वेळच येत नाही.