पेंढा आधी सुकवा, मग तोला

रबाळ्याच्या एमआयडीसीत बॉयलर आणि रसायनांच्या कामात माझी २२ वर्षं गेली. मुरबाड-शहापूरकडची मंडळी विचारायला येतात, "मॅडम, भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढायचंय, परवडेल का?" मी आधी मूठभर पेंढा मागते.

१०० ग्रॅम पेंढा तोलून ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवा, वजन घटायचं थांबेपर्यंत. ७५ ग्रॅम उरला, तर ३ रुपये किलोचा माल तुम्हाला ४ रुपयांना पडला. सौदा कायम कोरड्या वजनावर करा. पहिल्या वर्षी मी दवात भिजलेला पेंढा तसाच भरून आणला होता. आठवड्याने गंजीत हात घातला तर आतून वाफ येत होती, काड्या काळ्या पडल्या होत्या. तो सगळा माल गेला.

आता मोठा हिशेब. इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. त्याची क्षमता वर्षाला २ लाख टन पेंढ्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर. पेंढा ४ रुपयांनी धरला तर लिटरमागे नुसत्या पेंढ्याचेच जवळजवळ २७ रुपये झाले. एन्झाइम, आम्ल, वाफ आणि बँकेचं व्याज अजून धरलेलंच नाही.

म्हणून माझं ठाम मत: छोटा कारखाना नुसत्या इंधनावर उभा करू नका. पेंढ्यातल्या सेल्युलोजचं, म्हणजे काडीतल्या मुख्य तंतूचं, इथेनॉल होतं. हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकापासून फरफ्युरल नावाचं रसायन निघतं, ते फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामात, साच्याची वाळू बांधणाऱ्या रेझिनसाठी लागतं. उरलेलं लिग्निन, म्हणजे काडीला ताठपणा देणारा भाग, बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळते. फरफ्युरलचं गिऱ्हाईक पक्कं झाल्याशिवाय यंत्राची ऑर्डर देऊ नका.

ओल्या कचऱ्याची गोष्ट वेगळी. वाशीच्या एपीएमसी भाजीबाजारातल्या कोबीच्या पानांत ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ती सुकवत बसू नका, बायोगॅसला द्या.

वाहतुकीत फसायला होतं. सुट्या पेंढ्याने टेम्पो शिगोशीग भरतो, पण काट्यावर वजन दिसत नाही. शेतातच गाठी बांधून घ्या.

आणि पेंढा फुकट मिळेल असं धरू नका. तो गाईगुरांच्या दावणीला लागतो, रोपं टाकण्याआधी जमीन भाजायच्या राबालाही लागतो. मिळतो तोही कापणी-झोडणीनंतर, वर्षातून एकदाच. वर्षभराच्या गाठी पावसाआधी छपराखाली घ्याव्या लागतात, तेव्हा शेडचं भाडंही पेंढ्याच्या भावातच धरा.