पक्षकाराची नोटीस घेऊन बसा

ऑनलाइन वर्ग ठरला की बहुतेक संघटना आधी वक्ता शोधायला लागतात. कराडला आमच्या करसल्लागारांच्या संघटनेची सचिव झाले तेव्हा मीही तेच केलं. वक्ते नामांकित, विषय मोठा, वेळ दोन तासांची, तारीख 18. स्क्रीनवर नावं भरपूर होती, पण शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर कुणी तोंड उघडेना. दुसऱ्या दिवशी उंब्रजच्या एका सभासदाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, लावून ठेवलं होतं मी, पण शेजारी थ्रीबी भरणं चाललं होतं." खरंच होतं त्याचं. थ्रीबी म्हणजे जीएसटीचं कर भरायचं विवरण, त्याची मुदत 20 ची आणि मी वर्ग ठेवला 18 ला.

म्हणून सगळ्यात आधी तारीख. 7 ला टीडीएसचा भरणा, 11 ला विक्रीचं विवरण म्हणजे जीएसटीआर-1, 13 ला तिमाही विवरण भरणाऱ्यांचं आयएफएफ (मधल्या महिन्यांतली विक्रीची बिलं चढवायची सोय), 14 ला टूबी म्हणजे खरेदीवरच्या क्रेडिटचा पोर्टलवरचा तक्ता येतो, 20 ला थ्रीबी, 22 ला तिमाहीवाल्यांची. खरी सवड मिळते ती 24 ते 29 मध्ये. जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबरच्या अखेरीला तेही दिवस सोडून द्या, तेव्हा आयकराची धांदल असते. वेळ मी ठरवली नाही, सभासदांनाच विचारली. रात्री घरचं असतं, सकाळ-संध्याकाळ ऑफिसात पक्षकार बसलेले असतात. दुपारी तीन ते पावणेचार सगळ्यांना सोयीचं पडलं, विशेषतः घरून काम करणाऱ्या बायकांना. पंचेचाळीस मिनिटांच्या वर मी एक मिनिट जात नाही.

विषय कुठून आणायचा? फोनजवळ एक वही ठेवा. कुठला सभासद काय विचारतो ते लिहीत जा. महिन्यात एकच प्रश्न तिघांनी विचारला की पुढचा वर्ग त्यावर. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा माझी दोन पानं एका दिवसात भरली. सिमेंट 28 वरून 18 वर आलं होतं आणि व्यापारी विचारत होते, माल आधी गेलाय, पैसे दिवाळीनंतर येणार, मग दर कुठला? जीएसटी कायद्याचं कलम 14 वाचून दाखवलं असतं तर निम्मे पेंगले असते. मी तीन रकाने आखले: माल कधी गेला, बिल कधी झालं, पैसे कधी आले. तीनपैकी दोन गोष्टी बदलाच्या ज्या बाजूला, तो दर. मग प्रत्येकाला आपल्या एका पक्षकाराच्या तीन तारखा सांगायला लावल्या. पाटणच्या सभासदाचा माल आणि बिल दोन्ही 20 सप्टेंबरचं निघालं. त्यानेच उत्तर दिलं, "म्हणजे अठ्ठावीसच." त्या दिवशी पावणेचारला वर्ग बंद करणं मला जड गेलं.

वर्गाची घडी खरी बसली ती एका नोटिशीमुळे. एका तरुण सभासदाच्या पक्षकाराला एएसएमटी-10, म्हणजे विवरणातल्या तफावतीबद्दलची जीएसटी खात्याची नोटीस, आली होती: खरेदीवरच्या कराचं घेतलेलं क्रेडिट टूबीपेक्षा जास्त. उत्तर तीस दिवसांत एएसएमटी-11 या फॉर्ममध्ये द्यायचं. मी त्याला म्हटलं, हीच वर्गात लाव. नाव, जीएसटी नंबर, पत्ता आधी काळा करायचा. यात हयगय नको, पक्षकार विश्वासाने कागद देतो. आणि त्याची परवानगीही घ्यायची.

आमच्यात एक ज्येष्ठ काका आहेत, 1959 च्या विक्रीकर कायद्याच्या काळापासून या धंद्यात. ऑनलाइन ते कधी बोलत नसत. त्या दिवशी एकदम त्यांचा आवाज आला: "पोर्टल बंद कर आधी. खरेदी रजिस्टर काढ." मग त्यांनी नातवाला मोबाइल कॅमेरा खाली करून टेबलावर धरायला लावला आणि लेजरच्या कागदावर पेन्सिलीने रेघा ओढल्या. पुरवठादार, बिल नंबर, बिलाची तारीख, टूबीत कुठल्या महिन्यात दिसलं. एकेका बिलावर खूण करत ते खाली आले. फरकातली मोठी रक्कम एकाच पुरवठादाराची निघाली, त्याने आपलं विवरण उशिरा भरलं होतं. लोक एकामागून एक माईक उघडून बोलायला लागले. माझ्याकडेही असंच आहे, मी असं उत्तर दिलं, हे पत्र जोडा.

तेव्हापासून नियम केला: दर वर्गाला एका सभासदाचा खरा कागद. बाहेरचा वक्ता वर्षातून दोनदा, आणि त्यालाही आधी आमच्या वहीतले प्रश्न पाठवते.

बारीकसारीक गोष्टी थोडक्यात. निम्मे लोक मोबाइलवरून बघतात, त्यामुळे पोर्टल दाखवताना पान दीडशे टक्के मोठं करा. पूर्ण रेकॉर्डिंग कुणी बघत नाही, पाच मिनिटांचा नेमका तुकडा कापून ग्रुपवर टाका. न आलेल्यांची नावं ग्रुपवर कधीही लिहू नका, फोन करा. नव्या सभासदाला टिपणं काढायला द्या, त्यामुळे तो शेवटपर्यंत थांबतो आणि चार लोक त्याला ओळखायला लागतात.

हजेरीची प्रमाणपत्रं आम्ही छापत नाही. डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत 30 क्रेडिट पॉइंट लागतात, सीएंना सीपीईचे, म्हणजे सततच्या व्यावसायिक शिक्षणाचे, तास. आमच्यातल्या बहुतेकांना तसं बंधन नाही. कामाचं मिळालं तरच ते येणार, आणि मला ते योग्यच वाटतं.

1 एप्रिल 2026 पासून लागू होणारा नवा आयकर कायदा आला तेव्हा 536 कलमांना कुठून हात घालायचा हा प्रश्न होता. आम्ही कलमं वाटून घेतली. ज्याचा ज्या कामात हात बसलेला, त्याने त्याचं नवं कलम शोधून दहा मिनिटं सांगायचं. बचतीवरच्या वजावटीचं 80सी आता 123. टीडीएसची पूर्वी विखुरलेली कलमं बरीचशी 393 मध्ये, ती एका सीएने घेतली. छोट्या व्यापाऱ्यांचं 44एडी कलम 58 मध्ये गेलंय, ते काकांनी मागून घेतलं. नातू शाळेतून यायच्या वेळेनुसार तेवढा एक वर्ग आम्ही साडेचारला ठेवला.