सिंकखालचं भोक

पावसाळा लागला आणि ओट्याखाली उंदरांच्या लेंड्या दिसू लागल्या. आधी पिंजरा लावला, आकड्याला सुक्या खोबऱ्याचा तुकडा. दोन उंदीर सापडले, तिसऱ्या रात्री पुन्हा खुडबुड. आई म्हणाली, "दार उघडं ठेवून पाहुणे मोजतोयस!" खरंच होतं. बॅटरी घेऊन सिंकखाली वाकलो, तर पाइपाभोवती बोटभर फट. घरातल्या चिटुकल्या उंदराला पेन्सिल जाईल एवढी जागाही पुरते. भांड्यांची तारेची घासणी त्यात गच्च कोंबली, वरून सिमेंट लिंपलं. नुसतं सिमेंट ओलं असताना उंदीर उकरून काढतात. तारेपुढे दात चालत नाहीत. मोरीच्या जाळीवर रात्री फरशीचा तुकडा. विष मुद्दाम टाळलं. मागे माळ्यावर एक मेला होता, आठवडाभर जेवण गेलं नव्हतं. दीड महिना झाला, लेंडी नाही.